फुंशाल विमानतळ
फुंशाल विमानतळ : अटलांटिक महासागरातील मादीरा या पोर्तुगीज बेटाचा विमानतळ. तो बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर सांता क्रूझ या गावाजवळ, फुंशाल या राजधानीच्या पूर्वेस सु. १३ किमी. अंतरावर आहे. पूर्वी तो ‘सांता कातारीना’ या नावानेही ओळखला जाई. २०१७ मध्ये त्याला याच बेटावर जन्मलेला फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्दो याचे नाव देण्यात आले. एका बाजूस तुटलेला डोंगर, दुसऱ्या बाजूस खोल समुद्र आणि डोंगरावरून उतरणारे लहरी वारे, यांमुळे विमान उतरविण्यास अवघड अशा विमानतळांत त्याची गणना होते. डोंगर, समुद्र व वारा यांपैकी माणसाला कशावर मात करता आली व कशापुढे नमते घ्यावे लागले, हे या विमानतळाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

भूरचना व हवामान : मादीरा हे समुद्रतळापासून वर आलेल्या ज्वालामुखीचे शिखर असून त्याचे क्षेत्रफळ सु. ७४० चौ. किमी. आहे. त्याच्या मध्यभागी पूर्व-पश्चिम पसरलेली डोंगररांग पीको रूईव्हू या शिखरापाशी १,८६२ मी. उंच होते. किनाऱ्यालगत सपाट जमीन जवळजवळ नाहीच. विमानतळासाठी निवडलेली सांता क्रूझजवळची जागाही डोंगरउतार व कडा यांमधील एक अरुंद पट्टी होती.

बेटावर वर्षाचा बराच काळ ईशान्य व्यापारी वारे वाहतात. उत्तरेकडचा वारा डोंगररांग ओलांडून दक्षिण किनाऱ्याकडे उतरताना त्यात भोवरे निर्माण होतात. त्यामुळे धावपट्टीच्या दोन टोकांना एकाच वेळी भिन्न दिशांनी वारा वाहत असल्याचेही आढळते. नैर्ऋत्येकडून उतरणारे विमान प्रथम डोंगराच्या रोखाने येते व अखेरच्या टप्प्यात उजवीकडे वळून धावपट्टीच्या रेषेत आणावे लागते. कमी उंचीवर व कमी वेगात घ्यावयाच्या या वळणाच्या वेळी वैमानिकाला धावपट्टी प्रत्यक्ष दिसणे आवश्यक असते. म्हणून येथे विमान उतरविणाऱ्या कप्तानास खास प्रशिक्षण घ्यावे लागते.

सागरी विमानांचा काळ : मादीराला विमानाने पोहोचण्याचा पहिला महत्त्वाचा प्रवास २२ मार्च १९२१ रोजी झाला. पोर्तुगीज नौदलातील अधिकारी साकादुरा काब्राल व गागू कूतिन्यू हे आपल्या सहकाऱ्यांसह लिस्बनहून सागरी विमानाने निघून फुंशालला उतरले. खुणेची जमीन नसलेल्या महासागरावरून सु. ९७० किमी. अंतर कापून एक लहान बेट अचूक गाठणे हा या उड्डाणाचा हेतू होता. त्यासाठी कूतिन्यू यांनी सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाला कृत्रिम क्षितिजाची जोड दिली होती. हा प्रयोग यशस्वी झाल्यामुळेच पुढील वर्षी या दोघांना दक्षिण अटलांटिक ओलांडण्याचे धाडस करता आले. काब्राल १९२४ मध्ये उत्तर समुद्रावर विमानासह बेपत्ता झाले.

नियमित प्रवासी सेवा १९४९ मध्ये सुरू झाली. ‘अक्विला एअरवेज’ ही ब्रिटिश कंपनी साउदॅम्प्टनहून लिस्बनमार्गे सागरी विमाने चालवी. बेटावर धावपट्टी नसल्याची अडचण त्यामुळे टळली. तथापि फुंशालचा उपसागर उघडा असल्याने लाटा उसळल्या की विमान उतरविणे अशक्य होई. १९५८ मध्ये अक्विलाची सेवा बंद पडली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला लिस्बनहून फुंशालकडे निघालेले एक पोर्तुगीज सागरी विमान ३६ व्यक्तींसह महासागरात नाहीसे झाले. १९६० मध्ये शेजारच्या पोर्तू सांतू या तुलनेने सपाट बेटावर विमानतळ झाला. पण तेथे उतरलेल्या प्रवाशांना पुढे बोटीनेच मादीराला जावे लागे.

पहिली धावपट्टी : बेटावरील अनेक कुटुंबांतील माणसे व्हेनेझुएला, दक्षिण आफ्रिका इ. देशांत पोटापाण्यासाठी गेलेली होती व पर्यटन हा उत्पन्नाचा मोठा आधार होता. त्यामुळे मादीराला स्वतःचा विमानतळ असणे निकडीचे बनले. सांता क्रूझ येथील विमानतळ ८ जुलै १९६४ रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी १,६०० मी. लांब होती. ती त्या काळातील पंख्यांच्या विमानांना पुरेशी होती. परंतु थोड्याच वर्षांत जेट विमाने आली. ती अधिक वेगाने जमिनीला टेकत व थांबण्यास अधिक अंतर घेत. धावपट्टीच्या टोकापुढे मात्र चूक सावरण्यासाठी जागा नव्हती. तेथे उभा उतार व त्याखाली समुद्रकिनारा होता.

१९७७ चे अपघात : १९ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री ‘टॅप’ या पोर्तुगीज विमानसेवेचे बोइंग ७२७ विमान ब्रुसेल्सहून लिस्बनमार्गे १६४ व्यक्तींसह फुंशालला आले. मुसळधार पाऊस पडत होता व दृश्यमानता कमी होती. उतरण्याचे दोन प्रयत्न सोडून दिल्यावर तिसऱ्या प्रयत्नात विमान धावपट्टीवर बरेच पुढे टेकले. ओल्या पृष्ठावर ते वेळेत थांबू शकले नाही व टोकावरून खाली कोसळून पेटले. या अपघातात १३१ व्यक्ती मृत्यू पावल्या. महासागरावरून मादीराचा मार्ग शोधणाऱ्या साकादुरा काब्राल यांचेच नाव या विमानाला देण्यात आले होते. त्यानंतर महिन्याच्या आतच, १८ डिसेंबरच्या रात्री, जिनीव्हाहून आलेले एक स्विस कॅराव्हेल विमान किमान उंचीच्या खाली येऊन समुद्रात आदळले. त्यात ३६ जण दगावले.

पहिल्या अपघातानंतर टॅपने ७२७ ची लांब आवृत्ती मादीरासाठी वापरणे थांबविले. धावपट्टी २०० मी.नी वाढविण्याचे काम १९८६ पर्यंत पुरे झाले. तथापि १,८०० मी. ही लांबीही मोठ्या विमानांना अपुरीच होती.

समुद्रावरील विस्तार : पुढे विस्तार करावयाचा तर डोंगर फोडणे किंवा समुद्रात शिरणे, एवढेच पर्याय होते. अभियंता आंतोन्यू सेगादाइंश ताव्हारेस यांच्या आराखड्यानुसार धावपट्टीचा वाढीव भाग किनाऱ्यावर व समुद्रावर काँक्रीटच्या स्तंभांवर उभारण्यात आला. सु. १ किमी. लांब व १८० मी. रुंद अशा या मंचाला सु. १८० स्तंभांचा आधार असून प्रत्येकाचा व्यास सु. ३ मी. आहे. उतरणाऱ्या विमानाचा आघात व लाटांचा मारा ही दोन्ही बले या रचनेला सोसावी लागतात. मंचाखालून रस्ता जातो व तेथे क्रीडांगणेही केली आहेत. सप्टेंबर २००० मध्ये २,७८१ मी. लांबीची धावपट्टी खुली झाली. या बांधकामास २००४ मध्ये पूल व संरचना अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा उत्कृष्ट संरचनेचा पुरस्कार मिळाला.

वाऱ्याच्या मर्यादा : विस्तारामुळे धावपट्टीच्या अपुऱ्या लांबीचा प्रश्न सुटला, वाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. बहुतेक विमानतळांवर वारा कितपत चालेल हे विमानाची क्षमता व कंपनीचे नियम यांवरून ठरते. फुंशालला मात्र दिशेनुसार वाऱ्याच्या वेगाच्या मर्यादा ठरवून त्या बंधनकारक करण्यात आल्या. त्यांचा उगम छोट्या धावपट्टीच्या काळात असूनही २००० नंतर दीर्घकाळ त्याच लागू राहिल्या. वारा मर्यादेपलीकडे गेला, की विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. तो न उतरल्यास ती पोर्तू सांतू, कानेरी बेटे वा लिस्बन येथे वळवावी लागतात. अशा दिवसांत हजारो प्रवासी अडकून पडतात. म्हणून आधुनिक विमाने व सूक्ष्म मापनाची साधने लक्षात घेऊन या मर्यादा शिथिल कराव्यात, असा आग्रह धरण्यात आला. वाऱ्याच्या भोवऱ्यांचा धावपट्टीच्या लांबीशी संबंध नसल्याने पुरेशा मोजणीवाचून मर्यादा बदलू नयेत, असे त्यावर विरोधी मत मांडले गेले.

मादीरातील विमान वाहतुकीची सुरुवात दिशा अचूक मोजण्याच्या साधनाने झाली. जमिनीची उणीव पुढे काँक्रीटने भरून काढली. वाऱ्याच्या बाबतीत मात्र मोजमाप, संयम व वेळीच परत फिरण्याचा निर्णय हेच उपाय उरतात. प्रवाशांना जाचक वाटणारा विलंब हा येथील सुरक्षिततेचाच एक भाग होय.