संस्कृतीकरण

सामाजिक बदलाचा उलगडा करण्यासाठी समाजशास्त्रज्ञ म. न. श्रीनिवास (१९१६–१९९९) यांनी मांडलेली संकल्पना. खालच्या मानल्या गेलेल्या जातीने वरच्या जातीचे आचार, विधी व राहणी उचलून पिढी-दोन पिढ्यांत वरच्या स्थानावर हक्क सांगणे, म्हणजे संस्कृतीकरण. मांस-मद्य सुटते, जानवे येते, विधवेचा पाट बंद होतो. या प्रतिष्ठेची किंमत अनेकदा घरातल्या बाईने मोजली, हे विसरता येत नाही.

मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे शिकलेल्या श्रीनिवासांनी कूर्ग लोकांवरील १९५२ च्या ग्रंथात ही कल्पना मांडली. अनुकरण ब्राह्मणांचेच होते असे नाही. जमीन आणि संख्याबळ असलेली गावातली प्रबळ जातही आदर्श ठरते, हे त्यांनी पुढे दाखवले.

संकल्पनेची मर्यादा गंभीर आहे. एखादी जात वर सरकते, उतरंड मात्र तशीच राहते. आणि अस्पृश्य ठरवलेल्यांना तर अनुकरणानेही वाट मिळत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तो ही उतरंडच नाकारून.