गिरगाव: वाड्या, ट्राम, लोकल आणि आता मेट्रो

स्मरणिकेसाठी लेख मागवल्याचा निरोप आला, तेव्हाच मला कल्पना होती की मधल्या सुट्टीतली बोरं, पी.टी.ची शिट्टी आणि बाईंच्या छड्या यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. म्हणून मी आपली शाळा ज्या परिसरात उभी आहे त्याच्याविषयी लिहायचं ठरवलं. पेशाने मी सॉफ्टवेअरवाली, इतिहास दहावीनंतर सुटला. पण कोणतीही व्यवस्था समजून घ्यायची तर आधी तिचे जोड बघायचे, ही सवय नोकरीने लावली. गिरगावाचे जोड म्हणजे त्याचे रस्ते, ट्राम, रेल्वे आणि आता मेट्रो. गिरगाव भरलं कसं आणि रिकामं का झालं, हे त्यातून बरंच उलगडतं.

सुरुवात नावांपासून करू. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावं आपण हजेरीइतक्या सहजपणे घ्यायचो. ती सलग वाचली तर भाजीबाजाराची यादी वाटते. मलबार हिलच्या पायथ्याचा हा भाग एके काळी बागांचा आणि शेतांचा होता. चर्नी रोडचं नावही गुरांच्या चरणीवरून आलं अशी एक व्युत्पत्ती सांगतात. बागांमधल्या पायवाटा पुढे गल्ल्या झाल्या, म्हणूनच आपल्या गल्ल्या सरळ नाहीत. दादोबा वामन खोत यांच्या नावाची खोताची वाडी आजही त्या जुन्या वळणाची साक्ष देते. लाकडी जिने, उतरती कौलं आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने बाजूला व्हावं लागेल एवढी वाट.

या भागाला शहराशी जोडलं ते आधी रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्या रेल्वेच्या उभारणीत ज्यांचा पुढाकार होता ते नाना शंकरशेट गिरगावातलेच. आपल्या हमरस्त्याला त्यांचं नाव आहे. पण ती रेल्वे बोरीबंदरची, म्हणजे आपल्यापासून धोबीतलावापलीकडे. आपली रेल्वे बी.बी.सी.आय. कंपनीची. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅक बे अशी रोज एक लोकल सुरू झाली. तेव्हा रूळ जवळजवळ समुद्राच्या काठाने जात. मरीन ड्राइव्हची भर नंतरची. गिरगाव आणि समुद्र यांच्यामध्ये रूळ आले ते कायमचे. म्हणून आपल्याला चौपाटीवर जाताना पूल ओलांडावा लागतो. केनेडी ब्रिज आणि फ्रेंच ब्रिज ही नावंसुद्धा त्या रेल्वे कंपनीच्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांची आहेत.

दुसरा जोड ट्रामचा. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ७ मे १९०७ ला विजेची. गिरगाव रस्त्यावरूनही ट्राम जायची. माझी आजी रस्ता सांगताना ‘ट्रामच्या रस्त्याने जा’ म्हणायची. तिने ते म्हणणं सोडलं नाही, आणि मुंबईतली शेवटची ट्राम तर ३१ मार्च १९६४ लाच धावून थांबली होती. आमच्या पिढीने रूळही पाहिले नाहीत, तरी तो रस्ता आम्हाला बरोबर कळायचा.

तिसरा जोड एका संकटातून आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. दाट वस्त्यांमध्ये हवा खेळत नाही, म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते काढले गेले. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आताचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता, आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातले. समुद्राकडचा वारा आत यावा हा त्यामागचा एक हेतू होता. आपण ज्या रस्त्यावर बसची वाट पाहत घाम पुसायचो तो वाऱ्यासाठी काढलेला आहे, हे वाचून मला हसू आलं.

चालत जाण्याजोगं अंतर, जवळ स्टेशन आणि दारात ट्राम असल्यामुळे कोकणातून आणि देशावरून आलेला कारकून, शिक्षक, छापखान्यातला कामगार चाळीत स्थिरावला. एवढी माणसं एकत्र राहिली की काय होतं ते गिरगावाने दाखवलं. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. ३ मे १९१३ ला इथल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला, आणि १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’. केळेवाडीत साहित्य संघ उभा राहिला. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दीही चौपाटीवरच जमली.

आता रिकामं होण्याविषयी. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली विजेची लोकल सुरू झाली, आणि लांब राहून कामावर येणं शक्य झालं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतली भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाने दुरुस्तीतून हात काढला. खोली तेवढीच राहिली, कुटुंब वाढलं. मग एक भाऊ मागे राहायचा आणि बाकीचे पार्ले, बोरिवली, डोंबिवली गाठायचे. ज्या लोकलने गिरगाव नांदतं केलं, तिनेच पुढच्या पिढीला बाहेर नेलं.

माझंही तेच झालं. २००२ मध्ये मला पहिली नोकरी लागली ती अंधेरीच्या सीप्झमध्ये.  चर्नी रोडहून लोकलने अंधेरी, तिथून बसची रांग, आणि संध्याकाळी तेच उलटं. दोन वर्षं काढली आणि अंधेरीला भाड्याने खोली घेतली. ‘सोयीपुरतं’ असं आईला सांगितलं होतं. परत राहायला गेले नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली. साडेतेहेतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्थानकं, त्यात गिरगाव आणि काळबादेवी ही दोन. रस्ते इतके अरुंद की या स्थानकांचा बराचसा भाग वरून न खणता जमिनीखाली बोगद्यासारखा कोरावा लागला. त्यासाठी काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तिथल्या रहिवाशांचं त्याच भागात पुनर्वसन ठरलं. आज गिरगावहून सीप्झला गाडी न बदलता तासाच्या आत जाता येतं. मी त्या गाडीत बसले तेव्हा आनंद झाला, आणि मनात हिशोबही झाला: हा जोड वीस वर्षं आधी मिळता, तर आपल्या वर्गातल्या कितीजणांनी गिरगाव सोडलं असतं?

उत्तर इतकं सोपं नाही, हे मला कळतं. खोली दहा बाय बाराचीच राहिली असती. शिवाय मेट्रो आली की जागेचा भाव चढतो. चाळींच्या जागी मनोरे येताहेत. मूळ भाडेकरूंना तिथे घर मिळेलही, पण नव्याने गिरगावात यायची ऐपत आता कोणत्या कारकुनाची किंवा शिक्षकाची आहे? आणि मराठी शाळेत नाव घालणारी मुलं नेमकी त्याच घरांतून यायची. शाळेच्या पटाची काळजी आपले सर आणि बाई करतात, तेव्हा तिचं मूळ या हिशोबात आहे असं मला वाटतं.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. मनोऱ्यांना नवी इंग्रजी नावं मिळतील आणि वाड्यांची नावं पत्त्यातून गळतील. त्याआधी प्रत्येकाने आपली वाडी, चाळ, मजला आणि तिथून शाळेत यायचा रस्ता चार ओळींत लिहून पाठवावा. वाटेतली पिठाची गिरणी, वाण्याचं दुकान, नळ, देऊळ जे आठवेल ते लिहा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही विचारा. ट्राम कुठे थांबायची हे आता तेच सांगू शकतील. नकाशा तयार करायचं तांत्रिक काम मी अंगावर घेते. पुढच्या मेळाव्याला तो शाळेच्या सभागृहात लावू आणि एक प्रत इतिहासाच्या वर्गाला देऊ.