रंग न ओळखणारा कॅमेरा

मोबाइलचे बटण दाबताच रंगीत चित्र तयार होते. मात्र चित्राचे आकड्यांत रूपांतर कसे झाले, हे आपल्याला कळत नाही. जेव्हा हे काम सावकाश होई, तेव्हा ते डोळ्यांना दिसत असे.

१९८५ साली कमोडोर कंपनीचा ‘अमिगा’ हा घरगुती संगणक आला. तो ४०९६ रंग दाखवू शके. पण त्यात बाहेरचे चित्र घालायचे कसे? १९८६ साली अमेरिकेतील टोपिका येथील न्यूटेक कंपनीने त्यासाठी ‘डिजि-व्ह्यू’ नावाची छोटी पेटी काढली. पेटीच्या एका बाजूला व्हिडिओ कॅमेरा, दुसऱ्या बाजूला संगणक.

पहिली अडचण वेगाची. अमेरिकी पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे पाठवतो. चित्रातली एक ओळ सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत संपते. तेवढ्यात ३२० बिंदूंची तीव्रता मोजायची, म्हणजे सेकंदाला सुमारे साठ लाख मोजमापे! स्वस्त यंत्राला हे झेपणारे नव्हते. पण वस्तू स्थिर असेल तर कॅमेरा तेच चित्र पुन्हा पुन्हा पाठवतो. मग प्रत्येक खेपेला थोडेच बिंदू मोजले तरी काही सेकंदांत चित्र पुरे होते.

दुसरी अडचण रंगाची. कॅमेरा होता कृष्णधवल. म्हणून भिंगापुढे लाल, हिरवी व निळी गाळणी पाळीपाळीने धरून तीन चित्रे घेत आणि संगणक ती एकत्र करी. ही कल्पना जुनीच. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका रंगीत फितीचे चित्र असेच तीन गाळण्यांनी दाखवले होते. मधल्या वेळात वस्तू हलली, तर मात्र तिच्या कडेला रंगीत झालर दिसे.

तिसरी अडचण स्मृतीची. ३२० × २०० म्हणजे ६४,००० बिंदू. प्रत्येकाला १२ बिट दिले तर ९६,००० बाइट लागतात. आणि पहिल्या अमिगाची मूळ स्मृती होती २५६ किलोबाइट. म्हणून एका बिंदूला सहाच बिट दिले. बिंदूचा रंग सोळा ठरावीक रंगांपैकी एक असे. नाहीतर डावीकडच्या बिंदूचा रंग घेऊन त्यातला लाल, हिरवा वा निळा यांपैकी एकच भाग बदलला जाई. काम ४८,००० बाइटांत भागले. मात्र जिथे रंग एकदम बदलतो, तिथे कड पुसट होई. काटकसरीची किंमत चित्रातच दिसत होती.

आजच्या मोबाइलमध्ये काय बदलले? तिथला संवेदकही फक्त प्रकाशाची तीव्रता मोजतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर सहसा एकाच रंगाची इवलीशी गाळणी असते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. पूर्वी गाळण्या एकामागून एक येत; आता त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत.

वर्गात लाल जिलेटीन कागदातून हिरवे पान पाहावे. ते काळपट का दिसते, हे विद्यार्थ्यांनी सांगितले, की अर्धा कॅमेरा त्यांना समजला.