खडक, खातं आणि मुंबई हाय

तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा वडील म्हणाले, "तेल शोधणं हा साहेबाचा धंदा. सरकारला कसा जमेल?" आमचं किराण्याचं दुकान होतं, दाराशी बर्मा शेलच्या रॉकेलचा पिंप असायचा, आणि गावाला तेल म्हणजे बर्मा शेल एवढंच ठाऊक होतं. साल १९७५. वडिलांचं तसं चुकलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी दिल्लीतल्या भल्याभल्यांचंही हेच मत होतं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात तेल निघायचं ते आसामात, दिग्बोईला. वर्षाला जेमतेम अडीच लाख टन. तिथली मालकी ब्रिटिश कंपनीची. पन्नाशीच्या दशकात बर्मा शेल आणि स्टॅनव्हॅक यांनी मुंबईत माहुल-ट्रॉम्बेला रिफायनऱ्या उभारल्या, कॅलटेक्सने विशाखापट्टणमला. परदेशातून आणलेलं कच्चं तेल इथे शुद्ध करून विकायचं, असा त्यांचा नफ्याचा व्यवहार. भारताच्या जमिनीखाली काय आहे हे बघण्याची त्यांना घाई असायचं कारण नव्हतं. स्टॅनव्हॅकने सरकारच्या भागीदारीत बंगालमध्ये विहिरी खणल्या; त्या कोरड्या गेल्या.

त्यातून १९५५ मध्ये नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याने स्वतःचं तेल संचालनालय काढलं आणि १४ ऑगस्ट १९५६ रोजी त्याचाच हा आयोग झाला. याच्यामागे होते मंत्री केशवदेव मालवीय. कंपन्या नकाशे दाखवत नाहीत तर आपण आपले नकाशे काढू, असा त्यांचा खाक्या. रशियन आणि रुमानियन तज्ज्ञ आले, ड्रिलिंगची यंत्रं आली. १९५९ च्या कायद्याने आयोगाला स्वतंत्र अस्तित्व मिळालं, कचेरी मात्र देहरादूनला. पुढे १९६३ मध्ये एका खाणमालकाच्या देणगीच्या प्रकरणात मालवीयांना मंत्रिपद सोडावं लागलं. देहरादूनच्या आमच्या संशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे.

माझ्या मते आयोगाचं सगळ्यात मोठं काम तेल सापडण्याआधीचं आहे. हिमाचलात ज्वालामुखीला विहीर घेतली. थोडा वायू मिळाला, धंद्याच्या कामाचा नाही. १९५८ मध्ये खंबातजवळ तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला भरघोस लागलं. या दोहोंच्या आधी, मधे आणि नंतर कोरड्या विहिरी होत्याच. खासगी कंपनीचे भागधारक अशा वेळी ओरडले असते. इथे लोकसभेत ओरडा व्हायचा, पण पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मंजूर व्हायचं.

समुद्राकडे मोर्चा वळला तोही असाच, सावकाश. १९६४-६५ मध्ये 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' या रशियन जहाजाने खंबातच्या आखातात आणि पुढे खोल समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण केलं. ध्वनिलहरी तळाखाली सोडायच्या, परतीचे प्रतिध्वनी टिपायचे आणि त्यावरून खडकांचे थर कुठे उचलले गेलेत ते काढायचं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर एक प्रचंड उंचवटा दिसला, तोच मुंबई हाय. तिथे पाणी पाऊणशे मीटरच्या आसपास. तेवढ्या पाण्यात उभं राहायला आपल्याकडे काहीच नव्हतं. १९७० मध्ये खंबातच्या आखातात आलियाबेटला उथळ पाण्यात पहिला धडा गिरवला. मग जपानमध्ये हिरोशिमाला मित्सुबिशीकडून 'सागर सम्राट' बांधून घेतली: पाय खाली सोडून तळावर उभी राहणारी आणि स्वतःचं अंग पाण्याच्या वर उचलून घेणारी रिग. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्या उंचवट्यावर तिला तेल लागलं. योग असा की ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पिंपामागे तीन डॉलरचं तेल बाराच्या घरात गेलं होतं.

तेल 'दिसतं' कसं, हे मला अजूनही लग्नाकार्यात विचारतात. कारंजं उडेल अशी लोकांची कल्पना असते; उडालं तर तो अपघात. प्रत्यक्षात खडक फोडणारी बिट फिरत असताना वरून पाइपातून मड सोडतात, म्हणजे बेंटोनाइट आणि बराइट घातलेला जड चिखल. तो पाइपाबाहेरच्या फटीतून वर येताना खडकाचा चुरा घेऊन येतो आणि शेल शेकरच्या थरथरत्या जाळीवर टाकतो. तळाचा चुरा वर यायला वेळ लागतो, तो हिशेब चुकला की खोली चुकली. आम्ही मूठभर चुरा घ्यायचो, चाळणीत धुवायचो, आधी भिंगाखाली बघायचो आणि मग अतिनील दिव्याच्या काळ्या पेटीत सरकवायचो. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे. दिवसा राखेसारखे दिसणारे कण पेटीत सोनेरी पिवळे उजळायचे. उजळलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत. पाइपाच्या आट्यांना लावायचं ग्रीसही चमकतं आणि नवखा तिथेच फसतो. कण पांढऱ्या बशीत घेऊन द्रावकाचा थेंब सोडायचा. कणातून दुधाळ धार सुटून पसरली की ते तेल. रात्री तीन वाजता अशी धार सुटली की टूलपुशरला, म्हणजे रिगच्या मुकादमाला, उठवायला मला फार आवडायचं. त्याला अर्थात आवडायचं नाही.

२१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. पेट्रोलियम मंत्री पुन्हा मालवीयच होते. सुरुवातीला तेल टँकरने यायचं, १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून पाइपलाइन आली. ऐंशीच्या दशकात उरणला वायूवरचं वीज केंद्र झालं, अलिबागजवळ थळला खताचा कारखाना झाला. तरी हायवर कितीतरी वायू नुसता जाळला जात होता. हेलिकॉप्टरने जुहूहून निघालं की प्लॅटफॉर्म दिसायच्या आधी ज्वाळा दिसायच्या. पाहुण्यांना ते दृश्य भव्य वाटे.

याच काळात आयोगाचा मूळ स्वभाव बदलला, असं मी म्हणेन. कोरड्या विहिरी पचवणारं खातं टार्गेटच्या मागे लागलं. आयातीचं बिल परवडत नव्हतं, तेव्हा दिल्लीला दोष तरी किती द्यायचा? पण चुनखडकाला आयातीचं बिल कळत नाही. त्याच्या छिद्रांतलं तेल दाबाने वर येतं. भराभर ओढलं की दाब उतरतो, तेलात विरघळलेला वायू सुटून आधी निघून जातो, खालून पाणी चढतं आणि बरंचसं तेल मागेच अडकतं. दाब टिकवायला साठ्यात पाणी भरावं लागतं. ते काम उशिराच सुरू झालं. देशाचं उत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख टन होतं, १९९२-९३ मध्ये ते २ कोटी ७० लाखांवर आलं. घसरणीचा मोठा वाटा मुंबई हायचा.

तोवर साठा शोधणारे, उपसणारे आणि 'एवढंच उपसा' असं सांगणारे, सगळे एकाच घरचे होते. ८ एप्रिल १९९३ च्या ठरावाने हायड्रोकार्बन महासंचालनालय निघालं: साठ्यांची निगा नीट राखली जाते का, सुरक्षितता आणि पर्यावरण सांभाळलं जातं का, हे बघणारं वेगळं कार्यालय. मंत्रालय तेच. पुढच्याच वर्षी आयोगाची कंपनी झाली. नव्या संचालनालयाला माणसं मिळाली तीही बहुतेक आमच्यातलीच, डेप्युटेशनवर. कँटीनमध्ये त्यावर पुष्कळ टिंगल झाली. माझ्याबरोबर रिगवर चुरा धुतलेला एक मित्रही तिकडे गेला. काही महिन्यांनी आम्ही काही विहिरींचा प्रस्ताव घेऊन त्याच्यासमोर बसलो. त्याने चहा मागवला, घरची चौकशी केली, आणि मग फाइल उलटी करून आमच्याकडे सरकवत म्हणाला, "उत्पादनाचे आकडे आहेत. दाबाचे कुठे आहेत?"