सन १९११ ची विलायतेवरील क्रिकेटची स्वारी

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकांस मुलुखगिरीचा क्रम नव्यानें सांगावयास नको. पावसाळ्यांत छावणी, दसऱ्यास सीमोल्लंघन, आणि मृगापूर्वीं घरीं परत, असा तो क्रम होता. घोड्यास व माणसास विसावा मिळाल्यावांचून पुढील मोहीम निभावत नाहीं, हें त्यांतील साधें तत्त्व. विसाव्याचे महिनेच मोहिमेस लाविले असतां काय होतें, याचीं उदाहरणें खेळांच्या इतिहासांत सांपडतात. इंग्लंडांत फुटबॉलचा हंगाम वसंताच्या अखेरीस संपतो व खेळाडूंस उन्हाळ्याची सुटी मिळते. परंतु तेथील कित्येक संघ पूर्वीं त्याच सुटींत समुद्र ओलांडून निघत. १९०४ सालीं साउदम्पटनचा संघ दक्षिण अमेरिकेंत गेला; १९०९ सालीं एव्हर्टन व टॉटनहॅम हे दोन संघ गेले; १९१४ सालीं एक्झिटर सिटीचा संघ अर्जेंटिनांत खेळून रिओ दि जानेरो येथें आला, तेव्हां ब्राझीलच्या संघानें त्यास दोन गोलांनीं हरविलें. इझलिंग्टन कॉरिंथियन्स या हौशी संघाची १९३७-३८ ची स्वारी तर हंगामांतच झाली व तींत ९५ सामने झाले. हा संघ हिंदुस्थानांतही आला होता व ढाक्यास त्याला हार पत्करावी लागली.

प्रस्तुत लेखांत आम्हांस याच्या उलट दिशेची, म्हणजे मुंबईहून इंग्लंडावर गेलेली क्रिकेटची स्वारी पाहावयाची आहे. अशा स्वारीचें मोल केवळ जयपराजयाच्या बेरजेवरून ठरविण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो सदोष आहे. सामने किती, दिवस किती, आणि भार कोणाच्या खांद्यावर पडला, या तीन गोष्टी आधीं पाहिल्या पाहिजेत.

या वाटेनें प्रथम पारशी मंडळी गेली. १८८६ सालीं डॉ. धनजीशा पटेल यांच्या नायकत्वाखालीं गेलेल्या संघानें २८ सामने खेळून एकच जिंकला. १९ हरले व ८ अनिर्णित राहिले. १८८८ सालच्या दुसऱ्या संघानें ३१ सामने खेळून ८ जिंकले व ११ हरले. या दुसऱ्या स्वारींत डॉ. मेहेलाशा पावरी या एकट्या गोलंदाजानें १७० गडी बाद केले. संघ अकरांचा, पण ओझें एकाचें, असा हा प्रकार तेव्हांपासूनचाच आहे.

सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ १९११ सालीं गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह हे नायक. त्यांच्याखेरीज सहा पारशी, पांच हिंदु व तीन मुसलमान अशी वांटणी होती. संघानें २३ सामने खेळले. ६ जिंकले, १५ हरले व २ अनिर्णित राहिले. पहिल्या दर्जाच्या १४ सामन्यांत जय फक्त दोन. एवढ्यावरून ही स्वारी फसली असें सामान्यतः लिहिलें जातें.

आतां दिवसांचा हिशेब पाहूं. जून, जुलै व ऑगस्ट या तीन महिन्यांचे दिवस ९२. त्यांतील तेरा रविवार वजा जातां, कारण त्या काळीं तेथें रविवारीं खेळत नसत, ७९ उरतात. पहिल्या दर्जाचा सामना तीन दिवसांचा. तेव्हां १४ सामन्यांस ४२ दिवस लागतात. उरलेले नऊ सामने दोनच दिवसांचे धरिले तरी साठ दिवस खेळासाठीं नेमलेले ठरतात. शेष राहिलेल्या सुमारें एकोणीस दिवसांत गांवोगांवचा आगगाडीचा प्रवास, बेलफास्टला जाण्यासाठीं समुद्र ओलांडणें, व दुखण्याबाण्यांतून उठणें हें सर्व उरकावयाचें. कांहीं सामने लवकर आटोपले, हें खरें. पण हरणाऱ्या संघास त्याचा विसावा मोठासा लाभत नाहीं. त्यांतच राज्यारोहणाच्या समारंभांसाठीं आलेले महाराज पहिल्या कांहीं सामन्यांनंतर खेळांतून निघाले, व त्यांचे चिटणीस केकी मिस्त्री, जे उत्तम फलंदाज होते, तेही त्यांजबरोबर गेले. संघ आधींच लहान. तो अधिक तोकडा झाला.

हा भार ज्यांनीं उचलला ते पुण्याचे बाळू पालवणकर. त्यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें, चर्मकार कुटुंबांत झाला. वडील लष्करांत नोकर. पुण्यास प्रथम पारशांच्या मैदानावर दरमहा तीन रुपयांवर, व पुढें युरोपियनांच्या क्लबांत चार रुपयांवर, मैदान झाडणें, रूळ फिरविणें व जाळीं लावणें हीं कामें त्यांनीं केलीं. तेथें ग्रेग नामक इंग्रज फलंदाजास सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां त्यांची डावखुरी संथ गोलंदाजी तयार झाली. हिंदु संघांत त्यांस घेतलें, परंतु पुण्यांत चहाच्या वेळीं इतरांस चिनी मातीचे पेले व त्यांस बाहेर मातीचें भांडें, असा भेद पाळला गेला.

वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं या गृहस्थांनीं विलायतेंत ११४ गडी बाद केले. त्यांपैकीं ७५ पहिल्या दर्जाच्या सामन्यांतील. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धांवांत ८ गडी, व लॉर्ड्सच्या मैदानावर मेरिलबोन क्लबाविरुद्ध ९६ धांवांत ४. लीस्टरशायरवर जय मिळाला त्या सामन्यांत दोन डावांत मिळून ११ गडी त्यांचेच. सॉमरसेटवरील जय एका गड्यानें मिळाला. त्यांत त्यांचे धाकटे बंधु शिवराम यांच्या नाबाद ११३ धांवा होत्या. दोन्ही जयांवर पालवणकरांची अशी मुद्रा आहे.

या आंकड्यांचा आणखी एक अर्थ आहे. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजास प्रतिपक्षाचा पुष्कळदां एकच डाव मिळतो. म्हणजे गडी बाद करण्याची संधि कमी, व तो डाव लांबलेला असल्यानें श्रम मात्र अधिक. शिवाय १९११ चा उन्हाळा इंग्लंडांत विलक्षण कडक व कोरडा गेला. कठीण जमिनीवर संथ चेंडूस वळण कमी मिळतें. इतकें प्रतिकूल असतां ११४ हा आंकडा उभा राहतो. म्हणून हा संघ दुबळा होता असें म्हणण्यापेक्षां, त्याचा एक खांब पूर्ण भक्कम होता व बाकीच्या घराचें ओझें त्यावरच ठेविलें होतें, असें म्हणणें आम्हांस अधिक यथार्थ वाटतें.

परतल्यावर मुंबईंत अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. परंतु हिंदु संघाचें नायकत्व त्यांस मिळालें नाहीं. १९१३ सालीं तें विलायतेच्या स्वारींतील त्यांचे सोबती मुकुंदराव पै यांस देण्यांत आलें. तेव्हां पै यांनीं आपल्या सत्कारसमारंभांत, हा मान वडीलकीनें व अनुभवानें बाळूंचा होता, असें उघडपणें सांगितलें. हा उद्गार पै यांस भूषणावह आहे, आणि निवड करणाऱ्यांवर तोच ठपका आहे. पुढें १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल यांस नायकत्व मिळालें, व त्या वर्षीं हिंदु संघानें युरोपियनांस हरवून चौरंगी सामने जिंकले. बाळू पालवणकर १९५५ सालीं मुंबईंत निवर्तले.

मोहिमेच्या कागदांत सरदाराचें नांव ठळक असतें व शिलेदाराचें नांव हजिरीच्या यादींत शोधावें लागतें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. १९११ च्या स्वारीसही तोच न्याय लागू पडतो. महाराजांचें छायाचित्र सर्वत्र आढळतें; श्रमाचा हिशेब मात्र धांवफलकाच्या बारीक अक्षरांत आहे. याकरितां वृत्तपत्रांचे जुने गठ्ठे, सामन्यांचीं छापील पत्रकें, क्लबांच्या हिशेबवह्या व नोकरांच्या पगाराचीं पुस्तकें हीं रद्दींत न घालतां बखरी व पत्रांच्या शेजारीं ठेवावीं, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे. दरमहा चार रुपयांची एक नोंद, आणि ११४ गड्यांचा एक आंकडा, हीं दोन्हीं एकत्र ठेवल्यावांचून या स्वारीचा इतिहास पुरा होत नाहीं.