नाक वर केलेली विलीज

विलीज हे नाव आपल्याकडे आले ते जीपबरोबर. महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या जीपगाड्या याच कंपनीच्या. अमेरिकेत मात्र १९६० नंतरची काही वर्षे या नावाने पाव मैलाच्या सरळ शर्यतीचे, म्हणजे ड्रॅग रेसिंगचे, मैदान गाजवले. तेही कंपनीच्या एका साध्यासुध्या गाडीने.

१९४१ ची विलीज कूपे म्हणजे दोन दारांची, आखूड, स्वस्तातली मोटार. टोलेडोच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात ६३ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. वीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या पोरांना तिच्यात दिसले ते फक्त हलके वजन. जुने इंजिन उपटून त्यांनी ओल्ड्समोबाईल किंवा क्रायस्लरचे आठ सिलिंडरचे धूड बसवले आणि त्याच्या डोक्यावर सुपरचार्जर चढवला, जो मुळात जीएमसीच्या डिझेल इंजिनांसाठी घडलेला होता. इंधन मात्र साधे पेट्रोल. अमेरिकन माणूस पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतो, म्हणून या गाड्या ‘गॅसर’.

नाक वर, शेपूट खाली, असे त्यांचे रूप. पुढे सडपातळ चाके, मागे गुळगुळीत रुंद टायर, ते मावावेत म्हणून कापलेले पत्रे. यात ऐट होतीच, पण आधी गरज होती. त्या काळचे टायर एवढी ताकद जमिनीला देऊ शकत नसत, जागीच फिरत. पुढचा भाग उचलला की सुटताना भार मागच्या चाकांवर जाई आणि पकड मिळे. साठच्या दशकाच्या मध्यास उत्तम गॅसर दहा सेकंदांच्या आसपास पाव मैल कापत, शेवटी वेग ताशी दोनशे वीस किलोमीटरच्याही वर. आणि हे सगळे आखूड, उंच, डगमगणाऱ्या गाडीत. चालकाला ती सरळ ठेवणे हेच मोठे काम.

बिग जॉन मझमानियनची लालभडक विलीज देखणी होती, ओहायोचा जॉर्ज माँटगोमेरी बहुधा सर्वांत हुशार. पण मला थांबवते ती ‘स्विंडलर ए’ ही निळी गाडी. तिच्यावर तीन नावे रंगवलेली असत: स्टोन, वुड्स, कुक. फ्रेड स्टोन आणि टिम वुड्स हे कृष्णवर्णीय मालक, डग कुक हा गोरा चालक. दक्षिणेतली हॉटेले कातडीचा रंग पाहून खोली नाकारत, आणि १९६४ च्या कायद्यापर्यंत त्यांना रोखणारे कोणी नव्हते. त्या देशात हे तिघे एका दारावर नावे लावून गावोगाव शर्यतींना जात. मासिकांतल्या जाहिराती त्यांच्या सेकंदांवरून भांडत. मालक कोण, याची चर्चा त्यांत नसे.

पुढे टायर सुधारले, नाके खाली आली, विलीजच्या जागी मस्टँगचे सांगाडे आले. १९६७ मध्ये अशाच एका मस्टँगमध्ये कुकला मोठा अपघात झाला आणि त्याची शर्यत थांबली. आज हौशी लोक विलीजच्या फायबरच्या नकला करतात. त्यांतल्या कित्येकींचे नाक मूळ गाड्यांपेक्षाही वर असते, आणि दार कोरे.