बिघाड नव्हे, संगीत!

व्हिडिओ गेम म्हटला की आपल्याकडे मोठ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. पोरांचा गोंगाट, वाया गेलेला वेळ, बिघडलेले डोळे! त्यात ऐकण्यासारखे काय असणार? पण जपानमधल्या एका भुताटकीच्या गेमचे संगीत ५ मार्च १९९९ रोजी स्वतंत्र सीडी म्हणून बाजारात आले. त्या गेमचे नाव 'सायलेंट हिल', कंपनी कोनामी, संगीतकार अकिरा यामाओका. सीडीवर थोडेथोडके नव्हे, ४२ तुकडे आहेत.

यामाओका १९६८ सालचा, निगाताचा. कोनामीत १९९३ साली आला. या गेमचे संगीत मुळात दुसऱ्याच कोणाकडे होते. तो मध्येच सोडून गेला आणि काम यामाओकाकडे आले. संगीताबरोबर दारांची करकर, पावलांचे आवाज हेही त्यानेच करायचे होते. मला वाटते, पुढचे सगळे यातूनच घडले. आवाज करणारा आणि चाल बांधणारा माणूस एकच असला की दोहोंमधली भिंत आपोआप पडते.

त्याने पहिले तुकडे सहकाऱ्यांना ऐकवले तेव्हा त्यांना वाटले, गेममध्येच काहीतरी बिघाड झाला आहे! घरघर, खरखर, पत्र्यावर पत्रा आपटावा तसे ठोके. हे मुद्दाम केले आहे, हेच संगीत आहे, हे त्याला समजावून सांगावे लागले. कारणे पटल्यावरच मंडळींनी विरोध सोडला. या गावाला गंजलेला, थंडगार स्पर्श हवा होता, आणि त्याला तो यंत्रांच्या आवाजात सापडला. इंग्लंडमध्ये १९७६ च्या सुमारास थ्रॉबिंग ग्रिसल या मंडळींनी कारखान्यासारख्या कर्कश आवाजांचे 'इंडस्ट्रियल' संगीत रूढ केले, त्याच घराण्यातले हे. (घराणे म्हटल्याबद्दल आपल्या गवयांनी रागावू नये.)

गेमची गोष्ट साधी आहे. हॅरी मेसन नावाचा बाप धुक्याने भरलेल्या गावात हरवलेली मुलगी शोधतो. धुकेही गरजेपोटी आलेले. त्या वेळच्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती जेमतेम २ मेगाबाइट, त्यामुळे दूरचे रस्ते, घरे त्या यंत्राला झेपत नव्हती; ती धुक्यात दडवली. मग डोळ्यांना दिसेना, तेव्हा सगळा भार कानांवर आला. हॅरीच्या खिशातला रेडिओ खरखरू लागला की समजायचे, काहीतरी जवळ आले आहे. तो गप्प असला तरी भीती जात नाही, उलट वाढते.

पण नुसता गोंगाट असता तर आज ही सीडी कोणी ऐकली नसती. ती उघडते ती मेंडोलिनने! हे वाद्य आपल्या गोव्याच्या घरांना काही परके नाही. पण इथे ते इतके उदास वाजते की भुताआधी हरवलेल्या मुलीचीच आठवण यावी. ही उदासी यामाओकाने अँजेलो बादालामेंती यांच्याकडून घेतली. 'ट्विन पीक्स' या १९९० च्या अमेरिकन मालिकेचे संगीतकार ते. 'नॉट टुमॉरो' हा तुकडा गेमची काहीही माहिती नसताना ऐकावा. त्यात घाबरवण्यासारखे काही नाही, निव्वळ दुःख आहे.

भय आणि हुरहूर यांचे हे नाते आपल्याला अनोळखी नाही. 'महल' (१९४९) आठवा. खेमचंद प्रकाश यांचे 'आयेगा आनेवाला', आणि आवाज आपल्या मंगेशीच्या मंगेशकरांच्या लताचा. तिथेही अंगावर काटा येतो तो किंकाळीने नव्हे, कोणाची तरी वाट पाहणाऱ्या सुराने.

योगायोग असा की 'सायलेंट हिल'च्या सीडीवरचे ४१ वे गाणेही वाट पाहण्याचेच आहे. 'एस्पेरांदोते', म्हणजे 'तुझी वाट पाहताना'. भाषा स्पॅनिश, पण पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या जुन्या पिढीला शब्द चटकन उमगेल. एवढ्या खडखडाटानंतर चक्क टँगो लागतो! काहींना तो खटकतो. मला तो धुक्यातून बाहेर आल्यासारखा वाटतो. हे गाणे रिका मुरानाका यांचे. बांदोनिऑन, व्हायोलिन आणि स्पॅनिश गाणारी गायिका हवी, ही सूचनाही त्यांचीच. त्यांनी चाल बांधली होती इंग्रजी शब्दांवर. व्हानेसा किरोस या अर्जेंटिनाच्या गायिकेकडून गाऊन घेण्यासाठी त्या ब्युनोस आयर्सला पोचल्या, तेव्हा लक्षात आले की भाषांतरित स्पॅनिश शब्द चालीत बसतच नाहीत. स्टुडिओ तयार, गायिका उभी. मुरानाकांनी तिथेच पाच मिनिटांत चाल नव्याने बांधली, आणि सीडीवर आहे ती हीच.